तबकडीतली बाई

मुंबई,
९ जानेवारी १९५६

प्रिय कमरू यास धर्माजीचा रामराम आणि सलाम, दोन्ही.

तुझा दात गेल्याचं आईच्या पत्रातून कळलं. ती लिहिते, "कमरुद्दीनचा पुढचा दात तळेघरच्या वरातीत पडला, शोधला पण मिळाला नाही." पडला त्यापेक्षा मिळाला नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलेलं दिसतं. मग सावळेराम गावाकडून इथे आला, त्याने सगळी हकिगत सांगितली. तू बँडच्या पुढे कॉर्नेट वाजवत उतारावरून चाललेला, शेळ्या आडव्या आल्या म्हणून थांबलास, आणि मागचा मोठा ढोलवाला, ज्याला ढोलापुढे स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत, तो तुझ्या पाठीवर येऊन आदळला. कॉर्नेट दातावर बसलं. वरातीला वाटलं नवीन चाल आहे, म्हणून लोक नाचले.

खोटं कशाला सांगू, मी हसलो. पण तुमच्या घरचा रिवाज आठवला आणि हसू गेलं. नवरीच्या दारात पहिला सूर ज्याचा निघेल, मास्तरची लाल टोपी त्याची. तुझ्या आजोबांनी तो नियम घातला तेव्हा त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असणार. आता या उन्हाळ्यात कुणाच्या दारात तुझा सूर फुसका निघाला, की टोपी तुझ्या मेहुण्याच्या डोक्यावर. सत्तार क्लॅरोनेट वाजवतो झकास, माणूसही वाईट नाही. पण आपण शाळेत असल्यापासून मी तुला त्या टोपीच्या मागे लागलेला पाहिलाय. टोपीशिवायचा कमरू कसा दिसतो ते मला बघायचं नाही.

म्हणून सावळेरामबरोबर एक वस्तू पाठवतो आहे. जपून घे. आमच्या हॉटेलात उतरलेला एक अमेरिकन जाताना मला देऊन गेला. गाण्याची तबकडी आहे. वेष्टनावर फोटो आहे तो पोरगा कॉर्नेटचा थोरला भाऊ असतो ना, ट्रंपेट, ते वाजवतो. पण कमरू, तो थोडं वाजवतो आणि मग स्वतःच गातो. पुन्हा थोडं वाजवतो, पुन्हा गातो. गातो तेही इतकं हळू की साहेबाच्या खोलीत ते लागलं तेव्हा मी कपबशा ट्रेवर ठेवायच्या सोडून हातात धरून उभा राहिलो. असं वाटतं की कुणी उंबऱ्यावर बसून, कुणीही ऐकायला नाही अशा हिशेबाने गातंय. शब्द कळत नाहीत, पण काय गेलंय ते कळतं.

तूही आंघोळीला बसलास की गातोस. तेव्हा माझं ऐक. दारात एक सूर मार, एवढी हवा तुझ्या तोंडात राहिलीच असेल, आणि बाकीचं गा. साहेबाच्या देशात मास्तर असंच करतो म्हणून सांग.

हॉटेलच्या बँडात ट्रंपेट वाजवणारा पेद्रू नावाचा गोवेकर आहे. त्याला ही तबकडी हवी होती. तो माझ्याशी बोलत नाही. तेवढं तुझ्यासाठी सोसतो आहे.

तुझा,
धर्माजी

*

जुन्नर,
२२ जानेवारी १९५६

दोस्त धर्माजी यास कमरुद्दीनचा सलाम.

तबकडी पोचली, फुटली नाही. तू माझी आठवण ठेवलीस याचं मोल मी जाणतो. आता पुढचं वाचून रागावू नकोस.

गेणभाऊच्या चहाच्या दुकानात चावीचा ग्रामोफोन आहे तो तुला माहीतच आहे. त्याची कमान म्हातारी झाली आहे, सारखी चावी द्यावी लागते, पण बोलतो अजून. तुझं पत्र मी आधी सगळ्यांना वाचून दाखवलं. हळू गाणं आहे, गलका करू नका म्हणून बजावलं. माणसं मयतीला बसल्यासारखी बसली. गेणभाऊने सुई लावली.

धर्मा, हळू कशाला म्हणतात मुंबईत? ते ट्रंपेट असं सुटलं की त्यापुढे आमची वरात म्हणजे बैलाची झोप. आणि गायला लागली ती बाई. बारीक, टोकदार आवाजाची, कुणाच्या तरी पाठीमागे लागलेली. नवऱ्याला काहीतरी आणायला सांगितलं होतं आणि तो विसरून आला, असा तिचा सूर. दुकानात एकाचाही पाय जागेवर राहिला नाही. राजमहंमद तांबोळी, ज्याला मी तीस वर्षांत हललेला पाहिला नाही, तो मान डोलवत होता.

तू म्हणतोस तो पुरुषही त्यात आहे, तुझं अगदीच खोटं नाही. तो शेवटी येतो. बाई गाऊन गाऊन दमते, तिचा आवाज जड व्हायला लागतो, आणि मग नवरा गायला घेतो. तोही लगेच झोपाळतो. मग गेणभाऊ चावी देतो आणि बाई पुन्हा ताजी होऊन उठते. आम्ही पाचसहा वेळा ऐकली, दर वेळी असंच. गेणभाऊ म्हणाला की संसारात असंच असतं.

अम्मीला ऐकवायचं म्हणून पेटी घरी आणली आणि दोन दिवस ठेवली. अम्मीला बाई आवडली. तुझ्या वहिनीने, जैबुन्निसाने, मात्र वेष्टन हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि विचारलं की सगळं गाणं बाई गाते तर फोटो एकट्या बाप्याचाच कसा. मी तेच दुकानात विचारलं.  तिथे त्यावर मोठा वाद झाला आणि सगळ्यांचं मत पडलं की बाईवर अन्याय झालाय. तू तिथे साहेब लोकांत वावरतोस, कुणाला तरी विचार.

दाताचं विचारशील तर पुण्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणतो बसवलेल्या दाताने जेवता येईल, फुंकता येणार नाही. मग आपल्या सुताराने चिंचेच्या लाकडाचा करून दिला. पहिल्याच फुंकरीला तो निसटून कॉर्नेटच्या तोंडात जाऊन बसला, हवा बंद. तो काढायला पुन्हा सुताराकडे गेलो. आता मी मानमोडीच्या डोंगराखाली जाऊन सराव करतो, म्हणजे कुणी ऐकणार नाही. काल एक मेंढरं राखणारी म्हातारी काठी घेऊन आली. तिला वाटलं साप आहे.

सत्तार माझ्या दारासमोर बसूनच क्लॅरोनेटचा सराव करतो. वाजवतो चांगलं, हेच वाईट आहे.

तुझा,
कमरुद्दीन

*

मुंबई,
३० जानेवारी १९५६

कमरू,

त्या तबकडीत बाई नाही.

एक पोरगा आहे, एकटा. तो सावकाश गातो, दुःखाने गातो. मी स्वतः ट्रे धरून उभा होतो, माझे हात अवघडले होते. तुझ्या पत्रातली बाई कुठून आली? सावळेरामने वाटेत आळेफाट्याला तबकडी बदलली तर नाही? गेणभाऊ चहात काय घालतो त्याची कुणीतरी चौकशी करा, दारूबंदी आहे.

तू माझं ऐकून गाण्याचा सराव करशील असं वाटलं होतं, तू तर फोटोवरून पंचायत भरवलीस. उन्हाळा जवळ आलाय, मला काळजी लागली आहे. नीट शांत बसून पुन्हा ऐक आणि लिही.

धर्माजी

*

जुन्नर,
१२ फेब्रुवारी १९५६

धर्माजी यास,

शांत बसून ऐकली. बाई आहे.

तुझ्या पत्राने दुकानातली माणसं दुखावली. जुन्नरच्या माणसांना बाई आणि बाप्या ओळखता येत नाही असं मुंबईचा वेटर लिहितो, असं राजमहंमद म्हणाला. मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तो हॉटेलात राहतो, तिथे कमी दिव्यात सगळं चालतं, त्याला दिसलं नसेल.

पण ही गोष्ट आता गमतीची राहिली नाही, म्हणून नीट वाच.

जैबुन्निसाने ती चाल उचलली आहे. शब्द तिने स्वतःचे घातले आहेत, दळताना म्हणते. मी परवा दारात थांबून ऐकलं. बारा वर्षांच्या संसारात ही गाते हे मला माहीत होतं, पण मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे कानावर पडत होतं, ऐकलं नव्हतं. मी कॉर्नेट घेतलं आणि बाहेरूनच एक सूर लावला. फुसका निघाला. आतून तिने त्यावर गाणं टाकलं आणि माझी फुसफूस तिच्या आवाजाखाली झाकली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही.

आळ्याच्या भगवंत पाटलांच्या मुलीचं लग्न ईदेनंतर आहे. सुपारी आमच्या बँडची आहे. त्यांच्या दारात मी पहिला सूर लावायचा आणि तो फुटायच्या आत जैबुन्निसाने उचलायचा. बाई वरातीत गाणार म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते तुला कळेल. सत्तार तिचा सख्खा भाऊ, तो दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, छकड्याला चारी बाजूंनी पडदे लावू, ती आत बसेल, कुणाला नखसुद्धा दिसणार नाही. साहेबाच्या देशातही असंच असणार, नाहीतर बाईचा फोटो का नाही? हे ऐकून सत्तारने भाकरी पुढे ओढली. फोटोचं कोडं त्यालाही सुटलं नव्हतं.

शेवटी निकाल अम्मीवर आला. अम्मीने सगळ्यांसमोर सांगितलं, "ती बाई त्याची लग्नाची बायकू आसंल, तर माझी सून बी जाईल. आन् नुस्तीच कोन आणलेली आसंल, तर न्हाई. धर्माजीला इचार. त्यो खोटं लिहायचा न्हाई."

तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. ती त्याची लग्नाची बायको आहे का, तेवढं चौकशी करून लिही. मला टोपी वाचवायचा दुसरा रस्ता राहिलेला नाही.

तुझा,
कमरुद्दीन

*

मुंबई,
२६ फेब्रुवारी १९५६

प्रिय कमरू,

हे पत्र एकट्याने वाच.

मला तुझ्या आईचं वाक्य खाऊ लागलं म्हणून मी पेद्रूचे पाय धरले. तो बोलत नव्हता, पण तुझी पत्रं वाचून दाखवली तशी त्याला वाचा फुटली. त्याने आधी विचारलं, कसल्या यंत्रावर लावली. मी म्हटलं चावीच्या. त्याने विचारलं, लोखंडी सुई? मी म्हटलं असेल. त्याने हेच तीनदा विचारलं आणि मग धुवायच्या चादरींच्या गाठोड्यावर बसून राहिला. त्या दिवशी त्याने ट्रंपेट काढलं नाही. दुसऱ्या दिवशी माहीमच्या चर्चमध्ये जाऊन तबकडीच्या नावाने मेणबत्ती लावून आला.

झालं आहे ते असं. ही नव्या तऱ्हेची तबकडी आहे. ती सावकाश फिरायची असते. आपल्या जुन्या चावीच्या पेटीवर ती जवळपास दुप्पट वेगाने पळते, आणि वेग वाढला की आवाज बारीक होतो. तुमची ती भांडखोर बाई म्हणजे तोच पोरगा आहे, पळत सुटलेला. आणि चावी उतरली की नवरा गातो म्हणतोस ना, तो धाप लागून चालायला लागलेला तोच पोरगा. वर लोखंडी सुई असली तबकडी खरवडून काढते. पेद्रू म्हणतो तुम्ही गाणं ऐकत नव्हता, खात होता.

तेव्हा बायको नाही. लग्नाची नाही आणि बिनलग्नाचीही नाही. फोटोत एकटा बाप्या आहे कारण तो एकटाच होता.

मला फार वाईट वाटतं आहे. तुझ्या टोपीसाठी मी ती पाठवली आणि तिनेच तुला खड्ड्यात घातलं. तुझ्या आईला काय सांगायचं ते तू ठरव.

धर्माजी

*

जुन्नर,
१५ मार्च १९५६

दोस्त धर्माजी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होतो आणि गेणभाऊने विचारलं, काय लिहितो. मी म्हटलं, लग्नाची बायको आहे.

माझ्या तोंडून ते कसं गेलं मला कळलं नाही. दात नसल्यामुळे हल्ली बरंच काही आपसूक बाहेर जातं. पण एकदा गेल्यावर त्याच्या मागून आणखी जावं लागलं. दोन मुलं आहेत म्हणून सांगितलं. एक मुलगा, एक मुलगी. राजमहंमदने मुलीचं वय विचारलं. मी आठ सांगितलं.

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. अम्मी छकड्याच्या पडद्यांसाठी जुनी चादर उसवत बसली होती. जैबुन्निसाने माझ्याकडे एकदा पाहिलं. तिला खरं सांगावं असं फार मनात आलं. पण ती चुलीपुढे बसून तीच चाल गुणगुणत होती, आणि मला वाटलं, तबकडीतली बाई खोटी निघाली म्हणून ही का गप्प व्हावी.

आता अडचण अशी की अम्मीला पत्र ऐकायचं आहे. मी म्हटलं, ते मुंबईला विसरून आलो. मी मुंबईला गेलोच नव्हतो हे तिने लगेच सांगितलं. म्हणून हात जोडतो, मला असं एक पत्र लिही की जे अंगणात मोठ्याने वाचता येईल. तुला खोटं लिहायला लावतो आहे, याची शरम वाटते. पण लिही. सत्तारलाही त्यात काहीतरी असू दे.

कमरुद्दीन

*

मुंबई,
२ एप्रिल १९५६

राजमान्य राजश्री कमरुद्दीन बँडमास्तर, मुक्काम जुन्नर, यांस मुंबईहून धर्माजीचा सादर सलाम.

आपल्या आज्ञेप्रमाणे आमच्या हॉटेलच्या थोर थोर माणसांकडे सखोल चौकशी केली. ती खालीलप्रमाणे.

सदर बाई ही सदर मास्तरची लग्नाची बायको असून लग्न त्यांच्या चर्चमध्ये चारचौघांदेखत लागलेलं आहे. चारचौघांची नावं इंग्रजी असल्यामुळे इथे देत नाही. बाई खानदानी घराण्यातली आहे. ती नेहमी पडद्याआड बसून गाते, म्हणून तिचा फोटो काढता आला नाही. फोटोवाल्याने पुष्कळ विनवण्या केल्या, पण घरच्यांनी मान्य केलं नाही.

बाईची सासू हयात असून जिथे जिथे बाई गायला जाते तिथे ती शेजारी बसते. सासूशिवाय बाई एक ओळसुद्धा गात नाही. सासूला लोक फार मान देतात.

बाईचा सख्खा भाऊ त्याच बँडमध्ये आहे. तो आपलं वाद्य अतिशय सुरेख वाजवतो आणि मधेमधे बोलत नाही. तबकडीत बहिणीच्या मागे जे गोड वाजतं, ते तोच. इकडच्या जाणकारांचं मत आहे की भाऊ नसता तर तबकडी खपलीच नसती.

मुलगी आठ वर्षांची आहे.

बाई हातभर बांगड्या घालते आणि मोठ्यांसमोर मान वर करत नाही. घरातल्या सर्वांना यथायोग्य सलाम, नमस्कार, आशीर्वाद.

आपला नम्र,
धर्माजी

ता. क. हे पत्र मोठ्याने वाचण्यास हरकत नाही.

*

जुन्नर,
२५ एप्रिल १९५६

धर्मा,

कार्डावर जागा थोडी म्हणून थोडक्यात. रोजे चालू आहेत. तुझं पत्र गेणभाऊने अंगणात वाचलं, लोकांनी पुन्हा वाचायला लावलं. अम्मीने सासूचा भाग वेगळा वाचून घेतला. ती गाडीत शेजारी बसणार आहे, तसं तिने दहा घरी सांगितलंही. सत्तार भावाचा भाग ऐकून उठून गेला आणि परत आला तो क्लॅरोनेट घेऊन. आता बहिणीच्या मागे वाजवतो. मधेमधे बोलत नाही. तबकडीच्या रेघा पांढऱ्या झाल्या, बाईचा आवाज आता खरखरीत लागतो. पेद्रूला सांगू नकोस. माझा सूर अजून फुसकाच आहे. जीव मुठीत धरून आहे.

क.

*

जुन्नर,
२० मे १९५६

धर्माजीभाऊ यांना जैबुन्निसाचा सलाम.

मी चौथीपर्यंत शिकले, माझा हात सावकाश चालतो, अक्षर सांभाळून घ्या. पत्र ह्यांनीच लिहायचं होतं. दोनदा बसले आणि दोनदा उठले, म्हणून मी घेतलं.

आधी एक गोष्ट सांगते, ती तुमच्यापाशी ठेवा. तबकडीत बाई नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे.

ग्रामोफोन आमच्या घरी दोन दिवस होता ना, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तबकडी लावली. मला त्या बाईची घाई सोसेना. मी तिला म्हटलं, जरा दमानं घे बाई, आणि तबकडीच्या कडेला बोट टेकवलं, जात्याची पाळी धरतात तसं. ती हळू झाली. आणखी जरा टेकवलं, तर बाईच नाहीशी झाली आणि एक पोरगा गायला लागला. काय आवाज होता भाऊ. आईपासून लांब राहिलेल्या पोराचा. माझं बोट भाजायला लागलं तरी मी काढलं नाही. गाणं संपलं तेव्हा मी रडत होते आणि भाकरी करपली होती.

मग मी वेष्टन घेतलं आणि हे आल्यावर मुद्दाम विचारलं, बाईचा फोटो का नाही. गंमत म्हणून विचारलं होतं. पण दुसऱ्या दिवशी कळलं की दुकानातली सगळी बापे माणसं एका बाईच्या बाजूने भांडली. असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग मला ती बाई मारवेना. आणि मला गायचं होतं. हे सरळच सांगते, मला लहानपणापासून गायचं होतं.

ह्यांना वाटतं की मला काही माहीत नाही. खोटं बोलल्यापासून ते माझ्याशी इतकं गोड वागतात की मी सांगायचं पुढं ढकलते. तुमचं मोठ्याने वाचायचं पत्र ऐकताना मला पदर तोंडात कोंबावा लागला. सासूचा भाग तुम्ही फार छान लिहिलात.

आता लग्नाचं. आळ्याला पाटलांच्या दारात वरात पोचली. छकडा मागे, आत मी आणि अम्मी. उकाडा असा की दोघी घामाने भिजलो. पडद्याच्या फटीतून मला ह्यांची पाठ आणि लाल टोपी तेवढी दिसत होती. ठरलं होतं की हे सूर लावतील आणि मी त्यांच्यामागून लगेच ती पळती चाल उचलायची. ह्यांनी कॉर्नेट वर केलं. छाती भरलेली मला मागून दिसली. आणि भाऊ, काहीच आलं नाही. फुसकासुद्धा नाही. घाबरून ओठच उघडले नाहीत त्यांचे. दारात एवढी माणसं, घोड्यावर नवरदेव, आणि सगळं गप्प. सत्तारच्या हातात क्लॅरोनेट होतं, त्याने वाजवलं असतं तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. त्याने ते खाली धरलं.

मग मी सुरू केलं. पळती चाल माझ्या गळ्यात आलीच नाही. ह्यांची ती पाठ बघून कशी येणार. मी त्या पोरासारखं गायले, बोट टेकवल्यावर ऐकलं होतं तसं. शब्द माझेच होते, "उंबरा झाडिते बाई, उद्या कोन झाडील गं." दोनच ओळी मी तशा गायले असेन. आतून नवरीची आई ठकूबाई पंचारती घेऊन आली होती, तिने ती शेजारणीच्या हातात दिली आणि तिथेच पायरीवर बसली. तिचं बघून वरमाई रडली. घोड्यावरचा नवरदेव रडायला लागला, त्याला वाटलं काहीतरी वाईट बातमी आली. त्याला उतरवून घेतला, तर तो सासूच्याच गळ्यात पडला. आचारी झारा घेऊन बाहेर आला आणि तोही उभा राहिला. दोन्हीकडचे पावणे एकमेकांची समजूत काढत होते आणि अजून कुणी मांडवात शिरलं नव्हतं. भटजी ओरडून ओरडून मुहूर्ताचं सांगत होते, शेवटी त्यांनी अक्षता घेतल्या आणि आमच्याच छकड्यावर टाकल्या. अम्मी म्हणाली, लग्न कुणाचं लागतंय ते आधी बघा.

मग मात्र सत्तारने पळती चाल घेतली, ढोल सुरू झाला, आणि तीच माणसं तसल्याच ओल्या डोळ्यांनी नाचत आत गेली. पाटील म्हणाले की त्यांच्या घराण्यात इतकं चांगलं लग्न झालं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर बँडची माणसं छकड्याभोवती बसली. सगळ्यांच्या मनात टोपीच होती. ह्यांनीच ती काढली आणि सत्तारपुढे धरली. मला आतून बघवेना. सत्तारने घेतली नाही. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रिवाज म्हंजे रिवाज, दाजी. दारात पयला सूर आपाचा, माज्या भनीचा निघाला. टोपी आपाची."

मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. ढोलवाला म्हणाला, खरं हाय. मग पडद्याखालून ह्यांचा हात आत आला, टोपी घेऊन. ती अजून त्यांच्या डोक्याने गरम होती. मी घेईना, तर अम्मीने घेतली आणि माझ्या पदरावर बसवली. ती मला कानापर्यंत येते.

ह्यांना वाईट वाटलं असेल का, ते मला पडद्यामुळे दिसलं नाही. मी तेच विचार करत होते. तेवढ्यात ह्यांनी बाहेरून घसा साफ केला आणि विचारलं, "मास्तर, परतीला काय वाजवायचं?"

मी टोपी कानावरून वर सरकवली, भाऊ. संसाराच्या बारा वर्षांत काय वाजवू म्हणून त्यांनी मला कधी विचारलंच नव्हतं.

तुमची बहीण,
जैबुन्निसा